कागद घरी विसरणारा माणूस

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या जीपस्टँडवर दगडोबा नावाचा एक माणूस होता. माणूस अजून आहे, स्टँडवर नाही. त्याचा धंदा बसण्याचा होता. गादीवर बसून माल विकायचा नव्हे. जीपमध्ये नुसतं बसायचं.

परमुलखातल्या वाचकाला हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे रिकाम्या जीपमध्ये कोणी बसत नाही. माणसं लिंबाखाली तासभर उभी राहतील, दोनदा चहा पितील, भावकीतली भांडणं उकरून काढतील, पण पहिला पाय जीपमध्ये ठेवणार नाहीत. पहिल्या सवारीला गाडी भरेपर्यंत उकडत बसावं लागतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तेच आत तीन-चार डोकी दिसली की धोतरं आणि पदर सावरत सगळे धावतात, जणू शेवटचीच गाडी. म्हणून जीपवाले आपली दोन-तीन माणसं आधीच आत बसवून ठेवतात. त्यांना डमी म्हणतात. खऱ्या सवाऱ्या आल्या की डमी एकेक करून उतरतात आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसतात. दगडोबा या डमींमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मानाचा. त्याची जागा ड्रायव्हरशेजारी, खिडकीला.

मी एसटीत कंडक्टर होतो. या जीपवाल्यांनी आमच्या तोंडचा घास पळवला. डेपोची गाडी स्टँडवर लागली की ही दगडोबाची जात जीपमधून हात करायची, ‘या, या, आता निघालीच’, आणि माझी गाडी अर्धी रिकामी निघायची. तेव्हा दगडोबाबद्दल मी गोड बोलावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

पण कसब होतं हे कबूल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर रेक्झिनची बॅग, बॅगेत फुगवण्यापुरती रद्दी, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. दर थोड्या वेळानं त्या मेलेल्या घड्याळाकडे बघून तो जहांगीर ड्रायव्हरवर खेकसायचा, “सोड की बाप्पा गाडी! कोर्टात तारीख हाय माही!” ते ऐकून बाकीच्यांना वाटायचं, गाडी निघते आता. जागा भरत आल्या की जहांगीर बॉनेटवर थाप मारायचा. ही खूण. लगेच दगडोबा बॅग चाचपायचा, कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचा, “अरे तिच्या! कागद घरीच राहिला की!” आणि उतरायचा. कोर्टाचा कागद, बँकेचा कागद, तहसीलचा कागद. त्यानं घरी विसरलेले सगळे कागद खरे असते तर हा माणूस तालुक्याचा मालक झाला असता.

एवढी वर्षं रोज हिंगोलीच्या गाडीत बसणाऱ्या या माणसानं हिंगोली पाहिली होती एकदाच, दसऱ्याला, बापाच्या खांद्यावर बसून.

बरं, बसायचं तर गप बसावं. ते नाही. जीपमध्ये सवाऱ्यांच्या तोंडून जे सांडेल ते हा वेचायचा आणि पुढच्या जीपमध्ये स्वतःचा अनुभव म्हणून वाढायचा. जगातल्या तीन विषयांवर त्याचा विशेष जीव: पैसा कुठे गुंतवावा, प्रवास कसा करावा आणि मोबाईल कसा वापरावा. पैसा याच्याकडे नव्हता, प्रवास केला नव्हता, आणि मोबाईल बटणांचा, रबरबँड लावलेला.

“एसआयपी म्हंजे भिशीच,” तो सांगायचा. “फरक इतकाच, भिशीत बाया दिसतात, हिच्यात कोनीच दिसत न्हाई.” सोन्याचं विचारलं तर, “सोनं घ्यावं, पन घालू न्हाई. घातलेलं सोनं पाव्हन्याला दिसतं अन् मग त्यो हातउसनं मागतो.” विमानात बसायचं तर तोंडात विलायची धरावी, कान बंद होत न्हाईत. पुण्याचं पाणी जड, ते दोन दिवस बाधतं. गाडी लागत असेल तर लिंबू हुंगावं, आन् पुढच्या सीटवर बसून दूर बघावं, खाली बघू न्हाई. मोबाईल शंभरावर चार्ज करू न्हाई, नव्वदला काढावा, “मानसाचं बी तसंच हाय, पोट तडसेस्तोवर जेवू न्हाई.” लोक माना डोलवायचे. नांदेडला शिकणारी पोरंसुद्धा डोलवायची, याचा मला जास्त संताप यायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्याला तोंडावर ऐकवली होती. तो म्हणाला, “कंडक्टर, तुमी उभी हयात गाडीत काढली, पन कधी खिडकीकडं बसले का?” असा उद्धट.

त्याची मुलगी पुनम मात्र वेगळ्या मातीची. हिला पाहून दगडोबाच्या घरी जन्मली हे खरं वाटायचं नाही. दिवसभर ब्लाऊज शिवायची, कमी बोलायची. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. आईनं, चतुराबाईनं, म्हैस विकून थोडी भर घातली होती. बाकी सगळी रक्कम पुनमनं पायांनी मशीन हाणून जमवलेली. जूनअखेर फी भरायची होती. एवढं एक स्वप्न त्या घरात होतं आणि ते दगडोबाचं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात वैजनाथनं एक नवीन खूळ आणलं. वैजनाथ म्हणजे आमच्या गावचा मोबाईल दुकानदार. काचा बसवणं आणि लोकांना नको ती ॲपं टाकून देणं हे त्याचं काम. या खुळाचं नाव ‘सफर-समृद्धी’. मोबाईलमध्ये ॲप घ्यायचं, त्यात पैसे टाकायचे, दर आठवड्याला पैसे वाढताना बघायचे, आणि वर्षाच्या आत दुबईची सहल फुकट. गुंतवणूक, प्रवास आणि मोबाईल, तिन्ही एकाच पिशवीत. मला तर वाटतं, दगडोबाच्या जीपमध्ये बसूनच कोणीतरी हे काढलं असावं.

मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. मे महिन्यात, पत्र्याखाली, कोट घातलेली तीन पोरं बाहेरून आली होती. घामानं भिजलेल्या कोटात माणूस श्रीमंत दिसतो असं त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. पडद्यावर दुबईच्या इमारती दाखवल्या. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं, बाया आल्या होत्या, फुकटच्या आलूवड्यासाठी मीही होतो. पण माणसं नुसती बघत होती. कोणी पहिला पाय ठेवेना. रिकामी जीप!

मग वैजनाथनं माईकवर दगडोबाला बोलावलं.

दगडोबा स्टेजवर गेला तो नवा शर्ट, डोळ्यांना गॉगल आणि हातात हा मोठा काचेचा मोबाईल घेऊन. म्हणाला, “मी साधा मानूस. दोन महिन्यांमागं बसलो हिच्यात. दर सोमवारी टिंग वाजतं अन् पैसे येतात. दिवाळीला दुबईला चाललो. चतुराबाईला म्हनलं, तोंडात विलायची धर, कान बंद होत न्हाईत.” सभा खळखळून हसली. मग तो विमानाबद्दल बोलला, तिथल्या उन्हाबद्दल बोलला, मोबाईल नव्वदला काढण्याबद्दल बोलला. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि शेवटी मनगटावरच्या त्या मेलेल्या घड्याळाकडे बघून म्हणाला, “आता ज्याला यायचं त्यानं यावं. जागा भरत आल्यात.”

लोक उठले. मी डोळ्यांनी पाहिलं. जीपकडे धावतात तसेच टेबलाकडे धावले.

स्टँडवरच्या आम्हा दोघा-चौघांना कळत होतं की हे सोंग आहे. जहांगीरनं दुसऱ्या दिवशी त्याला विचारलंही, “काय रे दगडोबा, तिकडं बी डमीच का?” तो म्हणाला, “धंदा हाय, जहांगीर भाई. त्येंनी बसवलं, मी बसलो. वैजनाथनं रोख दिले. गाडी भरली की उतरीन.” त्यात काही वाईट आहे असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. का यावं? जीपमधला डमी लबाड असतो, पण जीप लबाड नसते. ती खरंच हिंगोलीला जाते. सवारीचं नुकसान काय, तर दहा मिनिटं उकाडा. दगडोबाच्या उभ्या हयातीत त्यानं बसवलेली एकही सवारी वाटेत राहिली नव्हती.

पण घरी त्यानं हे सोंग आहे म्हणून सांगितलं नाही. वैजनाथनं बोलू नको म्हटलं होतं हे एक कारण. खरं कारण मला जहांगीरकडून कळलं: चतुराबाई आता त्याला ताट वाढून समोर बसायला लागली होती, शेजारी त्याला ‘दगडोबा शेठ’ म्हणायला लागले होते, आणि हे त्याला गोड लागलं होतं. आयुष्यभर खोटा प्रवासी म्हणून बसलेला माणूस. घरात खोटा कर्ता म्हणून बसायला त्याला काय अवघड!

पावसाळा तोंडावर आला आणि ॲप बंद पडलं. आधी पैसे निघेनात, मग आकडेच दिसेनात, मग ती कोटवाली पोरं फोन उचलेनात. ज्या मोबाईल ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि दुसऱ्यांच्या कमाईचे फोटो यायचे तो ग्रुप गपगार. त्यात फायदा झाला म्हणून नाचणारी अर्धी नावं कोणाची होती हे आजवर कोणाला कळलं नाही. पुढच्या सीटवर डमी, मागच्या सीटवर डमी, ड्रायव्हरही डमी, आणि बॉनेटखाली इंजिनच नाही, अशी ही जीप.

वैजनाथ हात झटकून मोकळा. “मी फक्त खुर्च्या अन् माईक दिला,” तो सगळ्यांना सांगायचा. “माझे बी पैसे गेले.” डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. पुरावा काय? पैसे गेले ते मोबाईलवरून कुठल्या तरी अनोळखी खात्यात. त्या कोटवाल्यांशी वैजनाथचं काय नातं, हे सांगू शकेल असा गावात एकच माणूस होता, ज्याला त्यानं स्वतःच्या हातानं रोख पैसे आणि गॉगल दिला होता.

तो माणूस रोज जीपमध्ये येऊन बसत होता. लोक शिव्या द्यायचे तर म्हणायचा, “माहे बी बुडाले, बाप्पा.” हे वैजनाथचंच वाक्य, उष्टं. मला त्याची इतकी किळस आली की मी स्टँडवरच्या हॉटेलातलं बाकडं बदललं, त्याचं तोंड दिसू नये म्हणून.

आणि एके दिवशी पुनम स्टँडवर आली. ती कधी येत नसे. जहांगीरच्या जीपपाशी उभी राहिली. दगडोबा खिडकीत होता, मागे दोन डमी, खरी सवारी एकही नाही.

“अप्पा,” ती म्हणाली, “माहे फीचे पैसे बी हिच्यातच व्हते.”

दगडोबाला आधी कळलंच नाही. मग त्याचा हात बॅगेवरून घसरला. “काहून?” तो म्हणाला. “काहून टाकले तू? मला काहून न्हाई इचारलं?”

“इचारायचं काय त्यात? तुमी बसले व्हते न.”

“अगं, मी तर डमी! मी डमी हाय हे तुला ठावं न्हाई का?”

“हाय ठावं,” पुनम म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “मला वाटलंच व्हतं तुमी डमी असाल. पन तुमी बसता ती गाडी जाते का न्हाई, अप्पा? रोज जाते. मला वाटलं, अप्पा डमी असले तरी गाडी खरी असंल.”

एवढं बोलून ती गेली. हॉटेलात सगळं ऐकू आलं होतं. भजी तळणाऱ्याचा झारा थांबला होता. मला दगडोबाची कीव यायला हवी होती. मला राग आला. त्या पोरीनं बापाच्या खोटेपणावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा लोक खऱ्यावर ठेवत नाहीत, आणि हा माणूस तोंड उघडं टाकून खिडकीत बसला होता.

गावातल्या ठाण्यात सांगितलं की मोबाईलचं प्रकरण आहे, हिंगोलीला सायबरकडे तक्रार द्या. पुनमनं जायचं ठरवलं. सोबत मला चला म्हणाली. मी सरकारी नोकरीतला, साहेबांशी बोलायची सवय असलेला. चार दिवस ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. सकाळी आम्ही स्टँडवर आलो. एसटीला वेळ होता, म्हणून नाइलाजानं मी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, जीपमध्ये बसलो. पुढच्या सीटवर नेहमीप्रमाणे दगडोबा, तोच पांढरा शर्ट. पुनम मागे माझ्या शेजारी, खिडकीबाहेर बघत.

गाडी भरली. जहांगीरनं बॉनेटवर थाप मारली.

दगडोबा हलला नाही. जहांगीरनं परत थाप मारली. मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, “उतर की रे. भरली गाडी.”

“मी सवारी हाय आज,” दगडोबा म्हणाला आणि भाड्याची नोट पुढे केली.

जहांगीरनं नोट घेतली नाही. गाडी निघाली. पुनमनं मान वळवली नाही.

आता इथे मला सांगायला आवडेल की बापानं वाटभर काही मोठं बोलून दाखवलं. काही नाही. पहिल्या दोन वळणांतच त्याला गाडी लागली. सगळ्या जिल्ह्याला लिंबू हुंगायला सांगणारा माणूस स्वतः लिंबू विसरला होता. जहांगीरनं दोनदा जीप थांबवली. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या कोवळ्या तासाशी वाकून प्रवासतज्ज्ञ ओकत होते आणि मागच्या सीटवरच्या बाया पदर नाकाला लावून चुकचुकत होत्या. दुसऱ्या वेळी पुनमनं पाण्याची बाटली खिडकीतून बाहेर धरली.

हिंगोलीत कॉम्प्युटरपुढे एक तरुण महिला पोलीस बसली होती. पुनमनं सगळं नीट सांगितलं. पोलीसबाई टाइप करत गेली, मग थांबली. “हे गावातलं कोण, वैजनाथ? त्यांचा संबंध दाखवायला काय आहे तुमच्याकडे? ते तर म्हणतील, मी फक्त हॉल दिला.”

मी घसा खाकरला. पण दगडोबा पुढे झाला. रंग उतरलेला, शर्टावर ओलं.

“म्या सांगतो,” तो म्हणाला. “वैजनाथनं मला रोख पैसे देले. त्या कोटवाल्यांच्या समोर, कार्यक्रमाच्या आदल्या दिशी, त्याच्या दुकानात. माहे काही पैसे नव्हते हिच्यात. टिंग बी वाजलं न्हाई कधी. मी डमी व्हतो.”

पोलीसबाईनं हात कीबोर्डवरून काढले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. चांगल्या घरची पोरगी असावी, आवाज खाली करून म्हणाली, “काका, पैसे घेऊन लोकांना सांगितलं, असं लिहून दिलं तर तुमचंही नाव यात येईल. आरोपी म्हणून. कळतंय ना? माझं ऐका, घाई करू नका.” मग म्हणाली, “आधार कार्ड आणलंय का? नसेल तर आज जबाब होणार नाही. घरी विचार करा आणि मग या.”

मी दगडोबाकडे पाहिलं. बॉनेटवर थाप पडली होती. इतक्या स्वच्छ, इतक्या सोयीच्या थापेवर तो आयुष्यात कधी उतरला नसेल. त्याचा हात सवयीनं बॅगेकडे गेला, बॅग चाचपली, कपाळाकडेही अर्धा आला. वाक्य त्याच्या ओठावर होतं. मला ते ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि मनात म्हटलं, म्हण रे, म्हण, तुझी लायकी तेवढीच. पुनमनं डोळे खाली घातले होते. तिलाही तेच ऐकू आलं असणार.

दगडोबानं बॅगेत हात घातला. रद्दी बाजूला सारली. तळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“आनलंय,” तो म्हणाला. “लिहा.”

पोलीसबाईनं पुन्हा कीबोर्ड ओढला. दगडोबा टेबलाचा काठ धरून उभा होता. पुनम उठली. भिंतीकडची खुर्ची तिनं ओढत आणली आणि त्याच्या मागे लावली.

“बसा, अप्पा,” ती म्हणाली.